चौथी ओळ

काउंटर नंबर तीनवर मी बसते, सव्वीस वर्षं झाली.
ड्रायव्हिंग लायसन्स नवं करून देते: फोटो, सही,
आणि यंत्राला कपाळ टेकवून चौथी ओळ वाचायची.
मोंटानात नोव्हेंबरमध्ये लोक बुटांचा बर्फ घेऊनच आत येतात.
दुपारपर्यंत माझ्यापुढे तळं साचतं.

त्या तळ्यात येऊन उभा राहिला हार्लन ट्वेट.

आधी फॉर्मवरचं नाव वाचलं, मग माणूस पाहिला.
उंची: सहा फूट एक. आता नाही.
केस: तपकिरी. तेही नाही.
वजनाच्या रकान्यात खाडाखोड,
आणि हाच माणूस आमच्या वेळा
सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वहीत उतरवायचा.

चौऱ्याऐंशी साली त्यानं मला रिलेतून काढलं.
बसमध्ये, सगळ्यांच्या देखत,
बोझमनच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर.
"मिलेव्हा बाहेर. डेनीस आत."
कारण नाही. कारण तो कधीच देत नसे.
तांब्याची भट्टी बंद होऊन चार वर्षं झालेली,
बाप घरी बसून शेजाऱ्यांची घड्याळं उघडायचा,
आणि माझे खिळ्यांचे बूट
आईनं चर्चच्या जेवणावळींत
कोबीच्या पानांचे गुंडाळे करकरून आणलेले.
परतीच्या वाटेवर त्या खिळ्यांनी मी
बसच्या जमिनीला भोकं पाडत बसले.

पुढे दोन मुलं, एक घटस्फोट, आईचं लांबलेलं दुखणं.
या सगळ्यात कधीमधी वेळ काढून
या माणसाला सुनवायची वाक्यं
मी घासूनपुसून ठेवत आले.
चांगली वाक्यं होती.

"कपाळ टेका," मी म्हटलं. "चौथी ओळ."

"ई," तो म्हणाला. "मग पी... नाही, एफ."
मग काहीच नाही.
काचेवर श्वासाचं धुकं धरलं.
इथं लोक काय काय करतात ते मला पाठ आहे:
खोकतात, चष्मा पुसतात, हवापाण्याचं काढतात,
एकानं तर रडून दाखवलं होतं.
ट्वेट हलला नाही.

"पुन्हा बघा. घाई नाही."
असं मी कुणाला म्हणत नाही. मागे रांग होती.
"बघून झालं," तो म्हणाला.

नकाराचा फॉर्म मागच्या कपाटात असतो, अकरा पावलांवर.
घेऊन परतले तेव्हा मान तिरकी करून तो ऐकत होता.

"डावी टाच अजून घासतेस.
रादुलोविचची पोरगी ना? चारशे मीटर.
शेवटच्या वळणावर घासायचीस. सांगितलं होतं मी तुला."

सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल, बसच्या आवाजात,
आणि मी खाली बघून भोकं पाडत असेन.
शपथेवर काही सांगता यायचं नाही.
मी वाकून बुटाकडे पाहिलं.
टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली.
माझे सगळे डावे बूट असेच झिजतात.
मी आजवर दुकानदारांशी भांडत आले.

वाक्यं ओठांपर्यंत आली होती.
"इथं सही करा," मी म्हटलं.

त्यानं केली, रेघ सोडून, थोडी टेबलावरही.
मग खिशातून जुडगा काढून
ट्रकची किल्ली सोडवायला लागला.
नख कड्यात शिरेना. मी सोडवून घेतली.
"निळा ट्रक. हीटर तापायला वेळ घेतो.
तू सुटतेस किती वाजता?"
"पाचला."
"थांबतो."

भिंतीलगतच्या खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर,
उजवी मूठ मांडीवर अर्धी मिटलेली,
आणि मी कपाटाकडे जायला उठले की
मुठीवरचा अंगठा दबायचा.
परतले की पुन्हा दबायचा.

पाचपर्यंत मी नऊ वेळा उठले.
त्यातल्या दोनदा तर काही कामच नव्हतं.